न निवडलेल्या पेशी

माझ्या नजरेचं घरात फार लवकर कौतुक झालं, आणि त्या कौतुकानं मला पुढे चांगलंच गोत्यात आणलं. आम्ही धारूरच्या घाटाखालचे मेंढपाळ. आमच्यात कोकरू जन्मलं की पहिल्या आठवड्यातच मनाशी ठरतं, हे कळपात ठेवायचं की वाढवून बाजार दाखवायचा. कुणी मोजमाप घेत नाही. उभं राहण्याची ढब बघायची, पाय बघायचे, आईमागे स्वतःहून उठून जातंय का ते बघायचं. मी सात-आठ वर्षांची असताना कमरेवर हात ठेवून कोकरांमधून फिरायची आणि बोट दाखवायची, हे ठेवा, ते नको. आणि माझं बरोबर निघायचं. निदान सगळे तसं म्हणायचे. मी नको म्हटलेली कोकरं बाजारात जायची, त्यामुळे ती पुढे कशी निघाली असती हे तपासायला मागे काहीच उरायचं नाही. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्या तर नाहीच नाही.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सातवीनंतर तो मेंढरांमागे गेला आणि मी शाळेत राहिले. मग बीड, मग पुणे, आणि शेवटी एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागले. गावात कुणी विचारलं काय शिकतीस, तर सुरुवातीला मी ऐटीत "मेंदूवर" म्हणायची. एकदा एक चुलते म्हणाले, "मंग आमच्या सरपंचापासून सुरवात कर की." तेव्हापासून मी नुसतं "उंदरावर" म्हणते. त्यावर कुणी पुढे विचारत नाही.

खरं काम असं आहे. उंदराच्या गर्भातल्या मेंदूतून काढलेल्या कोवळ्या चेतापेशी आम्ही काचेवर वाढवतो. काचेवर बसते तेव्हा पेशी नुसती गोल असते. काही तासांत तिला चार-पाच बारीक फुटवे येतात, सगळे सारखेच. एक जरा वाढतो आणि आखडतो, मग दुसरा वाढतो, तोही आखडतो. दीड-दोन दिवस हे असं चालतं. मग त्यातला एक वाढायला लागतो तो मागे येतच नाही. बाकीच्यांच्या कितीतरी पट लांब जातो. त्याला अक्षतंतू म्हणतात, पेशीचं म्हणणं बाहेर नेणारा तो. उरलेले फुटवे पुढे जाड होतात, त्यांना फांद्या फुटतात, आणि ते बाहेरचं ऐकून पेशीकडे आणतात. अशी पेशीला एक बोलायची बाजू मिळते आणि एक ऐकायची. याला पेशीची ध्रुवता म्हणतात. ती ठरली नाही तर मेंदूत कोण कुणाला काय सांगतंय याचा मेळच बसणार नाही.

सारख्या पाच फुटव्यांतून एकच पुढे कसा जातो, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून आवडला. यात प्रथिनांचा हात असतो. फुटव्याच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो, तोही प्रथिनांचाच बनलेला. तो सारखा बांधला जातो आणि सारखा मोडतो. काही प्रथिनं त्या नळ्यांना चिकटून बसतात आणि त्यांना मोडू देत नाहीत. काही त्या नळ्यांवरून टोकापर्यंत माल पोचवतात. काही टोकाशी असलेली बारीक तंतूंची जाळी सैल करून वाट देतात. ज्या फुटव्यात ही मंडळी जमतात तो वाढतो, आणि तो वाढला म्हणून ती आणखी जमतात. पेशीतला साठा काही अमाप नसतो, तेव्हा बाकीच्यांना तो कमी पडतो. माझ्या वाट्याला नळ्यांना चिकटणारं एक प्रथिन आलं. त्याचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून ट्रकच्या नंबरासारखं आहे, म्हणून इथे मी त्याला आमचं प्रथिन म्हणते.

आमच्या प्रथिनाला मी हिरवा उजेड देणारी खूण जोडली होती. पेशी मायक्रोस्कोपखाली ठेवायची, ठरावीक वेळानं तिचा फोटो आपोआप निघत राहायचा, आणि फोटो एकापाठोपाठ लावले की फिल्म तयार व्हायची. माझ्या फिल्ममध्ये फार सुंदर गोष्ट दिसत होती. चार-पाच फुटव्यांतल्या एकात हिरवा उजेड आधी जमायचा आणि नंतर तोच फुटवा अक्षतंतू व्हायचा. जवळजवळ प्रत्येक पेशीत. याचा अर्थ कुणीही लावावा, आमचं प्रथिनच वाट ठरवतं. तीन वर्षांच्या कामाचं हे एक वाक्य होतं. त्यावर शोधनिबंधाचा मसुदा तयार होता, प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण उभं होतं, आणि फेलोशिपची मुदत उन्हाळ्यात संपत होती. घोडं गंगेत न्हालं असं मी धरून चालले होते.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात माझ्या गाईड मॅडमनी सगळ्या फिल्म एकदा सलग बघितल्या. मग विचारलं, "या पेशी तू कशा निवडल्यास?"

"चांगल्या दिसल्या त्या घेतल्या."

"चांगल्या म्हणजे?"

"म्हणजे निरोगी. तयार. ज्यांचं काही होणार असं दिसत होतं त्या."

"आणि ज्या तयार दिसत नव्हत्या?"

"त्यांची फिल्म काढून काय करायचं, मॅडम? त्यांचं काही ठरतच नाही. नुसत्या घुटमळतात."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या की दिवाळीहून आलीस की बोलू. रागाला माझ्या नाकावर कायमचं घर आहे. बाहेर येऊन मी मायक्रोस्कोपच्या खोलीचं दार असं लोटलं की त्याच्यावरची सूचना खाली पडली. यांना मेंढरू आणि शेळी यातला फरक तरी कळतो का, असंही मनात म्हटलं, आणि त्याचा इथे काय संबंध होता हे मला आजही सांगता येणार नाही. त्या रागाखाली भीती होती. माझी निवड चुकली असेल तर ते वाक्य जाणार होतं, आणि त्या वाक्याशिवाय माझ्याकडे काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर आमचा कळप घाट चढून निघतो. बाजरी निघालेली असते, सोयाबीन निघालेलं असतं, मोकळ्या रानात चरत चरत जायचं. वर्षानुवर्षांचे ठरलेले शेतकरी असतात. ते मेंढरं रानात बसवून घेतात, रानाला खत मिळतं, आम्हाला दाणे मिळतात. त्या वर्षी दोन दिवस मी दादा-वहिनीबरोबर चालायचं ठरवलं. डोकं थंड होईल असं वाटलं होतं. चौसाळ्याजवळ आलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. पुढे हायवे आडवा होता.

आमच्यात रस्ता ओलांडताना मेंढी पुढून ओढत नाहीत. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. मेंढरं डांबराच्या कडेला येऊन थांबतात. एक पाय टाकते, मागे घेते. दुसरी मान लांब करते, वास घेते, वळते. गाड्या दूर असल्या तरी थांबतात. माणसानं मागे उभं राहायचं, तोंडानं हलका आवाज करत राहायचं आणि वाट बघायची. कधीतरी त्यातली एक निघते. ती निघाली की सगळा कळप तिच्यामागे जातो. लोक "मेंढरासारखे मागे चालले" असं हिणवून म्हणतात. त्यांनी मेंढरांना पहिलं पाऊल टाकताना कधी पाहिलेलं नसतं.

वहिनी सामान लादलेलं घोडं घेऊन आधीच पलीकडे गेली होती. दादा मागे होता, मी बाजूला. रस्ता दोन्हीकडून बऱ्यापैकी मोकळा होता आणि मेंढरं तरी हलेनात. कळपात काळ्या तोंडाची, गळ्यात घंटी असलेली एक उंच मेंढी होती. मी तिला सकाळपासून बघत होते. माझ्या नजरेनं तिच्यावर शिक्का मारला होता, ही जाणार पुढे. ती दोनदा पुढे आली, दोनदा मागे गेली. माझा धीर सुटला. मी तिच्या मानेखाली हात घातला, दुसऱ्या हातानं कान धरला आणि तिला डांबरावरून ओढत दुभाजकातल्या फटीकडे नेलं. पाच-सात मेंढ्या तिच्यामागे आल्या.

त्याच वेळी तिकडे, रस्त्याखालच्या मोरीजवळ दुभाजकात आणखी एक फट होती, तिच्या बाजूला दुसरीच एक मेंढी आपण होऊन निघाली होती. मी तिला पाहिलंच नव्हतं. तिच्यामागे निम्मा कळप गेला. मधली मेंढरं दोन्हीकडे बघून गोंधळली, काही इकडे वळली, काही तिकडे, आणि काही जिथून आली तिकडेच उलटी फिरली. मी ओढलेली घंटीवाली माझ्या हातातून सुटून माघारी पळाली आणि तिच्यामागची पाच-सातही पळाली. एका ट्रकवाल्यानं लांबूनच वेग कमी केला, जवळ येऊन गाडी थांबवली आणि खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी रस्त्याच्या मधोमध नुसती हात पसरून उभी होते. दादा काठी आडवी धरून मागच्या मागे, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळत होता. ओरडला नाही. उलटी फिरणारी मेंढरं तेवढी तो वळवत होता. थोड्या वेळानं मोरीकडची रांग लांबली, जाड झाली, आणि बाकीची सगळी तिला जाऊन मिळाली. एकाही मेंढराला काही झालं नाही. ट्रकवाला जाताना माझ्याकडे बघून हसला, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

पलीकडे बाभळीखाली वहिनीनं चहा ठेवला. "शिकल्यालं मानूस लई गुनाचं," ती म्हणाली. "एका कळपाचे दोन करून दिले बघा." मी हसले आणि चहाचा पेला घेतला.

दादानं चहा संपवला. मग विचारलं, "तू वढलीस कावून?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

"घंटीवालीच म्होरं जाती की. दिसत व्हतं मला."

"आन आज कोन गेलती म्होरं?"

मोरीकडून निघालेली मेंढी कशी होती, पांढरी की करडी, म्हातारी की नवी, मला काहीच माहीत नव्हतं. ती कळपात मिसळून गेली होती आणि तिला शोधायची म्हटलं तरी शोधता आली नसती.

"घंटी हाय म्हून ती तुझ्या डोळ्यात भरती," दादा म्हणाला. "रोज येगळी जाती, बाय. कदी ती, कदी दुसरी. कदी जिला आपन हिशोबात बी धरलं न्हाई ती. जायच्या आदी कुनालाच कळत न्हाई."

पेशीत एखाद्या प्रथिनाचा साठा आम्ही मुद्दाम वाढवला की कधी कधी तिला एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन अक्षतंतू फुटतात. हे मी कितीदा तरी पाहिलेलं होतं, आणि हायवेवरचा गोंधळ त्याच्याशी ताडून बघायचा मोह कुणालाही झाला असता. पण मला त्या झाडाखाली ते आठवलं नाही. मला मॅडमचा प्रश्न आठवला. मी फिल्म काढायला बसायची तेव्हा ज्या पेशीत एक फुटवा आधीच जरासा पुढे गेलेला असायचा, तीच माझ्या डोळ्यात भरायची. तिची वाट अर्धी ठरलेली असायची. मग तिथे हिरवा उजेड जमला तर त्यात नवल ते काय? घुटमळणाऱ्या पेशी मी कोकरांसारख्या बाजूला काढत होते. त्या बाजारात गेल्या होत्या आणि त्यांचं काय झालं हे तपासायला मागे काही उरलं नव्हतं. चहा तसाच निवला.

पुण्याला परतल्यावर मॅडमनी विचारायच्या आत मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. नव्यानं करू, एवढंच म्हणाल्या. या वेळी काचेवर चौकटी आखल्या आणि कुठली चौकट घ्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवलं. त्या चौकटीत जेवढ्या पेशी असतील तेवढ्या सगळ्यांची फिल्म काढायची, मला आवडो न आवडो. मोजताना कुठली फिल्म कशाची हे मला कळू नये म्हणून नावं झाकली. पहिला आठवडा माझा नुसता चडफडाट झाला. इतक्या सुस्त, इतक्या बेभरवशाच्या पेशी मी कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणजे त्या नेहमी तिथेच होत्या, मी पाहिल्या नव्हत्या.

महिना-दीड महिना गेल्यावर चित्र स्पष्ट झालं. हिरवा उजेड आधी आणि वाढ नंतर, असं नव्हतं. उजेड एका फुटव्यात जायचा, तिथून निघून दुसऱ्यात जायचा, परत यायचा, तोही घुटमळायचाच. कुठलातरी फुटवा आधी आपला आपण पुढे जायचा आणि उजेड त्याच्यामागून तिथे जाऊन बसायचा. एकदा बसला की तो फुटवा आखडत नसे. मग आम्ही प्रथिनाचा साठा कमी करून पाहिला. पेशी तरीही वाट धरत होती, एखादा फुटवा चांगला पुढे जात होता, पण टिकत नव्हता. मागे यायचा. दुसरा जायचा, तोही मागे यायचा. आमचं प्रथिन वाट ठरवत नव्हतं. धरलेली वाट सुटू देत नव्हतं.

"हे खरं आहे आणि हे छापता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण आधीचं वाक्य जाईल."

ते गेलं. मसुदा बाजूला पडला, प्रकरण पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहावं लागलं. फेलोशिपची मुदत मॅडमनी खटपट करून थोडी वाढवून घेतली. काम बुडालं नाही, हे मला डोक्यानं कळत होतं. पण मला फार वाईट वाटत होतं. ठरवणारं प्रथिन शोधलं असं सांगणं आणि टेकू देणारं सापडलं असं सांगणं, यात मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसत होतं. घरी तर मी दोन महिने काही सांगितलंच नाही.

फाल्गुनात दादाचा फोन आला की कळप कपिलधारच्या अलीकडे एका रानात आहे, सवड असेल तर येऊन जा. मी एसटीनं मांजरसुंब्याला उतरले आणि पुढे चालत गेले. दुपार उतरायला लागली होती. दादा एका मेंढीला गुडघ्यांत धरून तिच्या खुरातला काटा काढत होता. मी शेजारी बसले. त्यानं नेहमीसारखं विचारलं, उंदीर काय म्हनत्यात? आणि मी सगळं सांगून टाकलं. माझी निवड कशी चुकली, परत कसं मोजलं, वाक्य कसं गेलं. त्याला समजेल अशा शब्दांत सांगायला मला कधीच फार कष्ट पडले नाहीत. तो मधे मधे मान हलवत होता, बोटांनी काटा चाचपत होता.

"मंग ते करतंय तरी काय, तुझं ते?" त्यानं विचारलं.

"कायच न्हाई, दादा. म्होरं जानारा फुटवा आपल्या मनानं जातो. हे नुसतं मागं ऱ्हाऊन त्याला माघारी येऊ देत न्हाई. बस, येवढंच."

काटा निघाला. त्यानं तो उन्हात धरून बघितला, फेकला आणि मेंढी सोडून दिली. ती लंगडत कळपाकडे गेली.

"मी तरी दुसरं काय करतो?" तो म्हणाला. "म्होरं जानारी तिच्या मनानं जाती. माघारी फिरनारीला मी फिरू देत न्हाई. वीस वरसं झाली, हेच करतोय." मग माझ्याकडे बघून, अगदी साधं विचारल्यासारखं म्हणाला, "तुला ते लहान वाटतं कावून?"

त्याला वाईट वाटलेलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी ज्या कामाला "नुसतं" म्हणून रडत होते ते माझ्या भावाचं सगळं आयुष्य होतं, आणि ते मी त्याच्या तोंडावर बोलून मोकळी झाले होते.

"न्हाई दादा," मी म्हटलं, "लहान न्हाई." तो पाण्याचा डबा घेऊन हात धुवायला उठला आणि मी त्याच्या पाठीकडे बघत बसले.

अकरावीत असताना मी बीडच्या वसतिगृहातून पळून घरी आले होते. इंग्रजी झेपत नव्हतं, पोरी हसत होत्या, मी परत जाणार नाही म्हणून आईच्या गळ्यात पडून रडले. आई-वडिलांचं मन विरघळलं होतं. दुसऱ्या दिवशी दादानं मेंढरं वडिलांवर सोडली आणि मला एसटीत घालून बीडला नेलं. वाटेत मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं मला वसतिगृहाच्या आत सोडलं आणि समोरच्या पानटपरीशेजारी दगडावर जाऊन बसला. वरच्या खिडकीतून मी त्याला दर थोड्या वेळानं बघत होते. दुपार झाली, चार वाजले, तरी तो फाटकाकडे तोंड करून तिथेच होता. गावाकडची शेवटची गाडी धरायची वेळ झाली तेव्हा उठला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि पिशवी भरून दारात ठेवली होती. तो तिथे बसला नसता तर मी बाहेर आले असते.